ई२० आणि माझी २००८ची गाडी: ही कुरकुर नाही

चिपळूणकर: ‘इथेनॉल म्हणजे ऊसवाल्याच्या घामाचा पैसा, जुन्या गाडीवाल्यांनी कुरकुर बंद करावी’ ही शिरोळकरांची पोस्ट कालपासून डोक्यात घोळतेय, म्हणून सविस्तर लिहितो. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. माझी गाडी २००८ची, पंधरा वर्षं झाल्यावर पर्यावरण कर भरून रीतसर पुन्हा पासिंग केलेली. हायवेला पंधराचं अ‍ॅव्हरेज होतं, आता चौदाही मिळत नाही. इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जाच पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणजे पडणारच. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात जुन्या चारचाकींना ६ ते ७ टक्के घट स्पष्ट लिहिली आहे. जुन्या गाड्यांसाठी ई१०, म्हणजे १० टक्केवालं पेट्रोल, मिळत राहावं, हेही त्यातच आहे. मग ते गेलं कुठे? जुलैत गाडी तीन आठवडे उभी होती, सुरूच होईना. टाकीच्या तळाला पाणी निघालं.

शिरोळकर: दादा, इथेनॉल हवेतली ओल ओढतं हे खरं, पण एवढं पाणी हवेतून येत नाही. झाकणाचं रबर बघा, नाहीतर पंपवाल्याची टाकी. अ‍ॅव्हरेज पडतं हे मान्य, पण आमचंही ऐका. साखरेचा किमान विक्री दर २०१९ला किलोला ३१ रुपये झाला आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिला. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, मात्र वाढत गेली. कायद्यात चौदा दिवसांत बिल, आणि आम्ही पाच-पाच महिने कारखान्याच्या दारात. पोरीची फी मी व्याजाने पैसे काढून भरली. कारखान्याची इथेनॉलची डिस्टिलरी सुरू झाल्यापासून उसाच्या बिलाचा हप्ता वेळेवर येतोय. ब्राझीलमध्ये तर ३० टक्के मिसळतात.

चिपळूणकर: ब्राझीलचं नाव घेताय तर पूर्ण घ्या. त्यांनी १९७५ला सुरुवात केली, २००३पासून तिथे दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या आहेत, आणि पंपावर इथेनॉल वेगळं, वेगळ्या भावाने मिळतं. आपल्याकडे निवडच नाही. शिवाय आता निम्म्याहून जास्त इथेनॉल मका-तांदळाचं आहे. डिसेंबर २०२३मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारनेच निर्बंध आणले होते. दरवेळी ऊसवाल्याला पुढे कशाला करता?

केजची लेक: गाडी राहू द्या. ‘घामाचा पैसा’ वाचून राहवलं नाही. माझे मामा-मामी ऊसतोडीला एका कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोची जोडी म्हणून, सहा महिने तुमच्याच भागात असतात. पाचटाच्या कोपीत राहतात, पहाटे तीनला उसाची गाडी भरतात. मामीने बाळंतपणानंतर महिन्याभरात पुन्हा मोळ्या उचलल्या. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कधीच फिटली नाही. तुमचा हप्ता वेळेवर आला, तिचा घाम कुठल्या हिशोबात धरला?

शिरोळकर: ताई, आम्हाला सावकार ठरवू नका. चुलतभावाने कर्ज काढून मुकादमामार्फत तोडणीच्या टोळीला सात लाख उचल दिली. टोळी आलीच नाही. मुकादमाचा फोन बंद. ट्रॅक्टर ओढून नेला बँकेने. त्याच्या बायकोचे दागिने गेले, त्याचं काय?

केजची लेक: पैसे मुकादमाने खाल्ले आणि बदनाम टोळी झाली! माझ्या मामांच्या हातात कधी लाख एकरकमी आले नाहीत.

शिरोळकर: बरं. मुकादमाबद्दल तुमचं खरं आहे. तेवढंच मानतो.

सांगलीचा मिस्त्री: गाडीवर या. तीस वर्षं हेच काम करतोय. इथेनॉलने जुन्या टाकीतला गाळ सुटतो, फिल्टर चोक होतो. जुने रबरी पाइप फुगतात, ओ-रिंगा चिरतात, पेट्रोलचा वास येतो. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना जास्त त्रास. पण निव्वळ ई२०ने इंजिन बसलेली एकही गाडी माझ्याकडे आलेली नाही. चिपळूणकर, पाइप आणि फिल्टर बदला, पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा.

चिपळूणकर: झाकणाचं रबर चिरलेलं निघालं, आजच पाहिलं. तेवढं शिरोळकरांचं बरोबर. पाइपही बदलतो. पण त्याचा खर्च माझा, अ‍ॅव्हरेजचा तोटा माझा, आणि लिटरचा भाव नव्या गाडीवाल्याइतकाच. ई१०चं एक नोझल ठेवा म्हटलं तर शेतकरीद्रोही ठरवू नका. माझेही आजोबा भातशेतीच करायचे.