टीमचं टार्गेट आणि ऊसतोडीचा कोयता
टार्गेट एकेकट्याला न देता टीमला द्यायचं, आत कोणी काय करायचं ते टीम बघून घेईल, असं काही जण म्हणतात; हा मुद्दा ऑफिसपुरता पटतो. पण टीममध्ये कोण किती करतंय याची नोंद आणि ज्याचे पैसे त्याच्या हातात, हे दोन्ही नसेल तर मला ते अजिबात मान्य नाही. ऊसतोडीत हेच वर्षानुवर्षं चालत आलंय. तिथलं युनिट म्हणजे कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, जोडीवर, मजुरी टनावर आणि मुकादमाच्या, म्हणजे मजूर आणणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत नाव बहुतेक नवऱ्याचं.

आमच्या शेतात ऊसतोड मजुरांची टोळी यायची तेव्हा बघितलंय, नवरा तोडत पुढे जायचा, मागे बाई मोळ्या बांधायची, मग तीच मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची, गाडी रात्री दोनला आली तरी, आणि पहाटे उठून कोपीवर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीवर, भाकऱ्याही तिनेच थापलेल्या असायच्या. वजनाच्या पावतीवर यातलं काहीच वेगळं दिसत नाही, पण ती तापाने पडली की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, मात्र लगेच लागायचा.