फाशीच्या मागणीबद्दल थोडं

वर एका भावानं लिहिलंय की पोरं विकणाऱ्यांना आपल्याकडं शिक्षाच नाही, सरळ फाशी द्या. शिक्षा आहे की! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ बघा. एका अल्पवयीन मुलाची तस्करी केली तर किमान १० वर्षं, एकापेक्षा जास्त मुलं असली तर किमान १४, आणि दोन्हीकडं जन्मठेपेपर्यंत वाढू शकते. ‘पोरगी राजीखुशीनं आली’ हा बचाव तर चालतच नाही.

फाशीचं म्हणाल, तर आपल्याच कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं २००१ साली गावित बहिणींना दिली होती. मुलं पळवायची, चोरीला वापरायची, मग जीव घ्यायचा, असं ते प्रकरण. (जुन्या माणसांना अजून अंगावर काटा येतो.) सुप्रीम कोर्टानं २००६ साली ती कायम केली. पण दयेच्या अर्जाला इतका उशीर झाला, की २०२२ मध्ये हायकोर्टानं तिची जन्मठेप केली. घोडं कलमात नाही, कागद हलवण्यात पेंड खातंय.

आणि स्टँडवर अनोळखी माणसाबरोबर बावरलेलं पोर दिसलं तर व्हिडिओ काढत बसू नका, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा.