'कुभांड' की 'बनाव'?

चकोर : जसी स्मोलेटच्या खटल्यावर लिहीत होतो. जानेवारी २०१९मध्ये शिकागोत या अभिनेत्याने फिर्याद दिली, की दोघांनी वर्णद्वेषी शिव्या देत मारहाण केली. पोलिस म्हणाले, त्यानेच सगळं घडवून आणलं. मी 'कुभांड' लिहिलं, संपादकांनी 'बनाव' केलं. फरक आहे का काही?

अडकित्ता : आहे तर! कुभांड कुणावर तरी रचतात, आळ कुणावर तरी घेतात. याने सांगितले ते अनोळखी बुरखाधारी. मग बनावच. भारतीय न्याय संहितेतही साधारण अशाच दोन वाटा आहेत. लोकसेवकाला खोटी माहिती दिली तर कलम २१७, कैद एक वर्षापर्यंत. एखाद्याला अडकवायला खोटा आरोप केला तर कलम २४८, पाच वर्षांपर्यंत. आरोप फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्याचा असेल तर दहा. कुभांड ते हे दुसरं.

चकोर : आणि शिकागो ज्या राज्यात आहे, त्या इलिनॉयमध्ये?

अडकित्ता : तिथे हे 'डिसऑर्डर्ली कंडक्ट'मध्ये बसतं. 'बेशिस्त वर्तन' लिहू नका, वाचकाला वाटेल गडी रस्त्यात आरडाओरडा करत होता. 'पोलिसांना खोटी खबर' असं सरळ लिहा. २०२१मध्ये ज्युरीने सहापैकी पाच आरोपांत दोषी धरलं. पुढच्या मार्चमध्ये १५० दिवस तुरुंग, २५,००० डॉलर दंड, वर शहराला १,२०,१०६ डॉलर भरपाई.

ठाणेअंमलदार : आमच्याकडचे शब्द घ्या. तपास संपवताना पोलिस न्यायालयाला अहवाल देतात, ती 'समरी'. 'अ समरी' म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही. 'ब' म्हणजे फिर्यादच खोटी, तीही खोडसाळपणे केलेली. 'क' म्हणजे गैरसमजातून दिलेली, ना खरी ना खोटी. वर्तमानपत्रात तिन्हींचं 'तक्रार खोटी निघाली' होतं! शिक्षा होऊ शकते ती 'ब'वाल्याला, आणि तीही खोटं आहे हे त्याला ठाऊक होतं असं सिद्ध झालं तर. पुरावा मिळाला नाही म्हणून फिर्याद खोटी ठरत नाही. जातीवरून खरोखर मार खाल्लेला माणूस असल्या बातम्या वाचून ठाण्याची पायरी चढत नाही, ते वेगळंच.

चकोर : मग शेवटी 'निर्दोष सुटला' असं लिहू?

अडकित्ता : मुळीच नको. नोव्हेंबर २०२४मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली. कारण २०१९मध्येच सरकारी पक्षाने तडजोड करून खटला मागे घेतला होता, स्मोलेटने जामिनाच्या रकमेवर पाणीही सोडलं होतं. शब्द फिरवून पुन्हा खटला भरणं न्यायालयाला मान्य नव्हतं. बनाव होता की नव्हता, यावर तो निकाल नाही, आणि स्मोलेट स्वतः तर नाकारतोच. 'दोषसिद्धी रद्द' एवढंच लिहा, आणि 'बनाव'च्या आधी 'कथित' घाला.