लावंच, लॅव्हेंडर आणि वाळा

निपाणीकर: काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेल्या पुडीवर कानडीत ‘लावंच’ लिहिलंय. आमच्याकडं ते लॅव्हेंडर समजून उटण्यात घालायचं चाललंय. मराठीत याला नेमकं काय म्हणायचं? ‘दवणा’ म्हटलं तर चालेल का?

खानापूरकर: लावंच म्हणजे वाळा. ‘लावंचद बेरु’ म्हणजे वाळ्याची मुळं. हिंदीत खस, संस्कृतात उशीर. लॅव्हेंडरशी नुसता आवाज जुळतो. तसा तो लव्हाळ्याशीही जुळतो, म्हणून काय दोन्ही एक झाले? पुडी उघडून बघा. पिवळट तपकिरी, गुंतलेली मुळं निघाली तर वाळा. गव्हाच्या दाण्याएवढ्या जांभळट करड्या कळ्या असल्या तर लॅव्हेंडर. कोरड्या वाळ्याचा वास मंद असतो, पाणी शिंपडलं की उठतो.

शहापूरकर: दवणा नको. दवणा शेवंतीच्या कुळातला, लॅव्हेंडर तुळशीच्या. नातंच शोधायचं तर मरवा, म्हणजे कानडीतला मरुग, त्याला जास्त जवळचा. युनानी वैद्यकात लॅव्हेंडरच्या एका जातीला ‘उस्तुखुद्दूस’ म्हणतात. डोक्याच्या तक्रारींवर ती देत, म्हणून ‘जारूब-ए-दिमाग’, मेंदूचा झाडू, हेही नाव पडलं. पण तेला-साबणातलं लॅव्हेंडर बहुधा निराळ्या जातीचं असतं. त्याला उस्तुखुद्दूस म्हटलं तर औषध आणणारा फसायचा. मराठीत सरळ ‘लॅव्हेंडर’ लिहावं.

निपाणीकर: बरं. मग पुडीत वाळाच आहे. उटण्यात किती घालायचा?

खानापूरकर: 100 ग्रॅम मसुराच्या पिठाला वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद प्रत्येकी 10 ग्रॅम पुरे. मुळं धुऊन माती काढा, सावलीत कडक वाळवा, कात्रीनं बारीक तुकडे करा आणि मगच दळा. अख्खी मुळं मिक्सरच्या पात्याला गुंडाळतात, मोटर तापते. दळल्यावर वस्त्रगाळ करायचंच. चाळणीतून तूस खाली येतं आणि अंगाला ओरखडे काढतं. माठात टाकायचा तर 5 लिटर पाण्याला 10 ग्रॅमची जुडी, पाणी रोज बदलायचं. दोन दिवसांनी जुडी काढून उन्हात खणखणीत वाळवा. बुळबुळीत लागली की फेकून द्या.

चिकोडीकर: आणि ज्यांच्याकडं खरंच लॅव्हेंडरचं तेल आहे त्यांनी?

शहापूरकर: ते वाळ्याच्या हिशेबानं वापरू नये. 30 मिली खोबरेल तेलात 6 ते 12 थेंब, म्हणजे साधारण एक ते दोन टक्के. काही न मिसळता चोळलं तर त्वचा लाल होऊ शकते. बादलीत थेट थेंब टाकायचे नाहीत: ते पाण्यात मिसळत नाहीत, वर तरंगतात आणि अंगाला लागतील तिथं झोंबतात. आधी चमचाभर तेलात कालवावेत. बाटली अर्धी रिकामी होऊन बरेच दिवस पडली असेल तर अंगाला नकोच. त्यातलं लिनालूल हे सुवासिक द्रव्य हवेनं बदलतं आणि त्यातून ॲलर्जी होऊ शकते. गडद बाटली, घट्ट बूच, थंड जागा. पोटात घ्यायचं नाही.

युरोपात वाळलेल्या फुलांची पुरचुंडी कपड्यांत ठेवतात, कसर लागू नये म्हणून. आपल्याकडं पावसाळ्यात तीच दमट होऊन बुरशी धरते. जुन्या साड्यांना वाळ्याची जुडी बरी, फक्त पूर्ण कोरडी हवी. रोप लावायची हौसही जरा आवरा: जम्मूकडं भदरवाहला लॅव्हेंडरची शेती होते, कारण त्याला थंडी आणि निचऱ्याची जमीन हवी. खानापूरच्या पावसात त्याची मुळं कुजतात.

चिकोडीकर: दुकानात मागायचं कसं? ‘खस’ म्हटल्यावर एकानं खसखस बांधून दिली.

खानापूरकर: कानडी दुकानात ‘लावंच’, मराठी दुकानात ‘सुगंधी वाळा’. नुसतं ‘वाळा’ म्हटलं तर काळा वाळाही हातात पडू शकतो, आणि ती वनस्पती वेगळी.