नाताळच्या केकपलीकडे
चर्चच्या बायकांचं काम म्हणजे नाताळात केक विकणं, असं कुणीतरी म्हणतं. दिसतं तेवढंच, खरंय! पण 'लेडीज ऑफ चॅरिटी' या गरीब-आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या कॅथलिक बायकांच्या संघटनेची सुरुवातच बारमाही पाळ्यांतून झाली. १६१७च्या ऑगस्टात फ्रान्समधल्या शातियों गावी एक अख्खं घर आजारी पडलं. तिथले धर्मगुरू व्हिन्सेंट डी पॉल यांनी प्रवचनात सांगितलं आणि त्याच दिवशी इतकं अन्न पोचलं, की आज नासाडी नि उद्या उपास अशी गत. म्हणून बायकांनी दिवस वाटून घेतले नि कामाची नियमावली ठरली. त्या नियमावलीतला एक बारकावा मला फार आवडतो: ज्यांच्याजवळ कुणी आहे त्यांच्याकडे आधी जायचं, एकट्या आजाऱ्याकडे शेवटी. म्हणजे तिथे निवांत बसता येतं.