गावाबाहेरचं पांढरं टेकाड : नदीचा गाळ की माणसांचं काम?

तापीकाठचा_पोऱ्या
आमचं गाव शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठी. गावाच्या खालच्या अंगाला नदीकडे एक टेकाड आहे, दोन मजली घराएवढं असेल, सगळे त्याला पांढरी म्हणतात. आजूबाजूची जमीन काळीभोर आणि हे एकटंच राखेसारखं मळकट पांढरं. लहानपणी तिथं पतंग उडवायचो, पाऊस पडून गेला की खापऱ्या उघड्या पडायच्या, कधी बांगडीचा तुकडा, एकदा मला एक मणी सापडला होता तो आईने नदीत फेकला, जुन्या जागेची वस्तू घरात ठेवू नये म्हणे. पूर्वी धाब्याच्या घरांच्या छतावर टाकायला माती इथूनच न्यायचे. आता गेल्या वर्षापासून ट्रॅक्टर लागलेत, लोक शेतात खत म्हणून टाकतायत, निम्मं टेकाड संपलं. मी म्हटलं अरे हे जुनं गाव असेल, तर चुलतभाऊ म्हणतो येडा झाला का, पुराचा गाळ साचून झालंय ते, माणसं काय डोंगर बनवतात का. त्यात परवा एका व्हिडिओत बघितलं की वाळवीने पण टेकड्या केल्यात. आता ओळखायचं कसं?

बोरीवाला
आमना गावले बी असंच टेकाड शे भाऊ. त्यावर आते मोबाइलना टॉवर शे. हाहा, रेंज मस्त येस.

गिरणाकाठ
तुमच्या भावाला सांगा, माणसं डोंगर बनवतात, फक्त बनवतोय हे त्यांना कळत नाही. मातीचं घर पन्नासेक वर्षांत बसतं, ती माती कोणी उचलून नेत नाही, तिथंच सपाट करून वर दुसरं घर बांधतात. त्यात चुलीची राख, शेण, भुसा, हाडं, फुटकी मडकी सगळं जिरतं. असं शेकडो वर्षं चाललं की जागा वर वर येते. माती पांढरी दिसते ती मुख्यतः राखेमुळे. आपल्याकडे गावाच्या वस्तीला पांढरी आणि शेताला काळी म्हणतात ते उगीच नाही.

प्रकाशे तुम्हाला जवळच आहे, तापी-गोमाईच्या संगमावर. तिथं १९५५ मध्ये पुरातत्त्व खात्यातर्फे बा. कृ. थापर यांनी उत्खनन केलं. खाली ताम्रपाषाण काळातली वस्ती, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरायचे तेव्हाची, साडेतीन हजार वर्षांहून जुनी, तिच्यावर लोखंड वापरणारे लोक, मग त्यांच्या वरती आणखी नंतरचे. आमच्याकडे चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ आहे, तिथंही असंच.

आता ओळखायचं कसं. ट्रॅक्टरने जिथं उभी कड कापली आहे तिथं जाऊन नुसतं बघा, हात लावू नका. पुराचा गाळ असेल तर एकसारखे बारीक थर दिसतील, वाळू वेगळी, चिकणमाती वेगळी. वस्ती असेल तर राखेचे पट्टे, चोपलेली जमीन, जळकी माती, खापऱ्या, सगळी खिचडी. खापरी लाल असून तिच्यावर काळ्या रंगाची नक्षी असेल, त्या ताम्रपाषाण काळातल्या भांड्यांसारखी, तर फोटो नक्की टाका.

पांझराकाठचा_मास्तर
गिरणाकाठच्या ताईंनी बरोबर सांगितलं, पण जनावरांना विसरू नका. आमच्याकडे साक्रीला ठेलारी मेंढपाळ येतात, शेतकरी धान्य नाहीतर पैसे देऊन शेतात मेंढ्या बसवून घेतो, एका रात्रीत केवढी लेंडी पडते ते बघितलंय. आता हेच गाईगुरांचं, आणि पिढ्यानपिढ्या एकाच जागी, असं समजा. खाली कर्नाटक-तेलंगणात राखेच्या टेकड्या आहेत, नवाश्मयुगातल्या, म्हणजे घासलेली दगडी हत्यारं वापरायचे तेव्हाच्या, चार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या. साहेब लोकांतले काही म्हणायचे ज्वालामुखीची राख आहे, गावकरी म्हणायचे राक्षसाची, हंपीजवळच्या निंबापूरच्या ढिगाला तर वालीच्या चितेची राख म्हणतात. निघालं काय, तर शेण! गुरांचे वाडे होते, शेण साठायचं आणि ते पेटवायचे, कशासाठी यावर अजून वाद आहे. काही ठिकाणी आग इतकी कडक की राख वितळून काचेसारखी झाली. १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांनी तेलंगणातल्या उटनूरला असा ढीग खोदला तेव्हा गुरांच्या खुरांचे ठसे सुद्धा सापडले. माझा विषय गणित, पण हे वाचल्यापासून शेणाकडे बघायची नजर बदलली.

आणि माणसाने नुसते ढीग नाही केले, पाणी पण वळवलं. पुणे जिल्ह्यात इनामगावला घोड नदीकाठी तीन हजार वर्षांपूर्वीचा पाट आणि बांध सापडलाय. आमच्या पांझरा नदीवरचे फड, म्हणजे पाटाच्या पाण्यावरची शेतं, त्यामानाने कालचे, तीन-चारशे वर्षांचे. एक बंधारा, त्याचा पाट, सगळ्या थळाला, म्हणजे त्या पाण्याखालच्या शेतांना, पाळीने पाणी देणारा पाटकरी. आजही हिरवळ बघून पाहुणे म्हणतात काय निसर्ग आहे तुमच्याकडे!

केळीबाग_रावेर
वाळवीचं खरं आहे. ईशान्य ब्राझीलमध्ये सुमारे २० कोटी ढीग आहेत, एकेक अडीच मीटर उंच आणि नऊ मीटर रुंद, सगळे मिळून ब्रिटनएवढ्या मुलखात. काहींचं वय जवळपास चार हजार वर्षं. गंमत म्हणजे ती वारुळं नाहीतच, आत राहायची जागा नाही, खाली बोगदे खणताना निघालेली माती नुसती वर आणून टाकली आहे. वरती काटेरी जंगल असल्यामुळे दिसत नव्हते, कुरणासाठी जंगल तोडलं तेव्हा नजरेत आले. आपल्याकडे वाळवी राबते आणि पूजा नागोबाची. पण तुझ्या टेकाडात खापऱ्या आहेत म्हणतो, वाळवी मडकी करत नाही रे भाऊ.

बोरीवाला
मग तापीकाठच्या घळी पण माणसांनी केल्या का? आमची गाडवाट बापाच्या काळात शेताबरोबर होती म्हणतात, आता कमरेइतकी खोल गेलीय, पावसाळ्यात तिचा नाला होतो.

गिरणाकाठ
गाडवाट हो, ती चाकांनी आणि खुरांनीच खोल केली, पाण्याला आयती वाट मिळाली. मोठ्या घळी मात्र नदीने आणि पावसानेच कापल्या आहेत. चराई, तोड यांनी धूप वाढते, पण सगळं शेळ्यांच्या माथी मारू नका.

तापीकाठचा_पोऱ्या
आज सकाळी जाऊन आलो. कड कापलीय तिथं राखेचे पट्टे मोजले, सात आहेत, मधे एक लालभडक जळकी पट्टी, आणि खाली तळाला पिवळसर बारीक गाळ, त्यात काहीच नाही. म्हणजे भाऊ पण थोडा बरोबर, गाळ आहे पण टेकाडाच्या खाली. नक्षीची खापरी एक दिसली, लालवर काळ्या तिरप्या रेघा, फोटो काढला आणि तिथंच ठेवली. भावाला दाखवला तर म्हणे ठीक आहे, पण माझ्या दोन ट्रॉल्या राहिल्यात.

गिरणाकाठ
ट्रॉल्या थांबवा आधी! ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, फोटो जोडून, आणि एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व खात्याला. अर्जात टेकाडाचा गट नंबर टाकायला विसरू नका.