फोन लॅपटॉपला जोडायचा आहे: केबल की वायफाय?

अनुजा_क
फोन अँड्रॉइड, टाईप-सी पोर्टचा. लॅपटॉप विंडोज ११. कामं तीन: फोनमधले साधारण ६४ जीबी फोटो-व्हिडिओ एकदाच लॅपटॉपवर उतरवायचे, रोज दोन-चार पीडीएफ इकडून तिकडे करायच्या, आणि ब्रॉडबँड बंद पडलं की फोनचं नेट लॅपटॉपला द्यायचं. केबल लावली की फोन नुसता चार्ज होतो, लॅपटॉपवर काहीच दिसत नाही. वायफायने पाठवलं तर सेकंदाला ५-६ एमबीच्या वर वेग जात नाही. राउटरवर '३००' लिहिलंय, २.४ गिगाहर्ट्झचा आहे. चांगली महाग केबल घ्यावी की वायफायचंच काही करावं?

तांब्याची_तार
आधी केबलचं बघू. नुसतं चार्जिंग होण्याची कारणं ठरलेली आहेत. फोन अनलॉक करा, केबल जोडा, वरून नोटिफिकेशन खाली ओढा. तिथे यूएसबीची ओळ दिसली तर तिच्यावर टॅप करून 'फाईल ट्रान्सफर' निवडा. अँड्रॉइड सुरक्षिततेसाठी मुद्दाम 'फक्त चार्जिंग'वरच सुरू होतं, त्यामुळे दर वेळी जोडल्यावर हे करावं लागतं.

यूएसबीची ओळच आली नाही, तर त्या केबलमध्ये बहुधा डेटाच्या तारा नाहीत. स्वस्त केबल, दिवे-पंख्यांसोबत आलेल्या केबल यांत बऱ्याचदा फक्त वीज नेणाऱ्या दोन तारा असतात. दुसरी केबल लावून बघा. तरीही तेच झालं तर फोनचा पोर्ट तपासा. खिशातला धागा-कचरा आत दाबून बसतो आणि प्लग शेवटपर्यंत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, सुई-पिन अजिबात नको. मधे यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक करणारा डबा) असेल तर तो काढून थेट लॅपटॉपला लावा.

आता महाग केबल. टाईप-सी हा आकार आहे, त्यावरून वेग कळत नाही. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून भागिले ८ करून ६० एमबी (मेगाबाइट). प्रत्यक्षात ३०-४० मिळतात. यूएसबी ३ चा ५ गिगाबिट, पण त्यासाठी फोनचा पोर्ट, केबल आणि लॅपटॉपचा पोर्ट तिन्ही ३ चे हवेत. एक जरी २.० असला तरी सगळं २.० वर उतरतं. कितीतरी फोनमध्ये टाईप-सी पोर्टच्या मागे २.० च असतं. आयफोन १५ घ्या: साधा १५ हा २.० वर, १५ प्रो १० गिगाबिटवर, आणि प्रोच्या बॉक्समधली केबलसुद्धा २.० चीच. केबलवरचे ६० वॉट, १०० वॉट हे आकडे विजेचे आहेत, डेटाचे नाहीत.

म्हणून आधी फोनच्या स्पेसिफिकेशनमध्ये यूएसबीचा आकडा बघा. २.० असेल तर महाग केबलवर पैसे घालू नका, डेटा जाणारी कुठलीही साधी केबल पुरे. ३५ एमबीच्या वेगाने ६४ जीबी अर्ध्या तासात उतरतात. आत्ताच्या वायफायवर त्यालाच तीन तास लागतील.

फोल्डर_फोल्डर
अर्धा तास हा मोठ्या व्हिडिओ फाईलींचा हिशोब आहे. छोट्या फोटोंना जास्त लागतो, कारण फोन लॅपटॉपला पेन ड्राईव्हसारखा जोडला जात नाही. मधे एमटीपी नावाची पद्धत असते. तीत लॅपटॉप प्रत्येक फाईल फोनकडे वेगळी मागतो, मग फोन ती देतो, आणि एका वेळी एकच काम चालतं. कॅमेरा फोल्डरमध्ये हजारो फोटो असले की नुसती यादी यायलाच कितीतरी मिनिटं जातात. लोकांना वाटतं अडकलं आणि ते केबल उपसतात. असं करू नका.

पुढची पथ्यं पाळा:

- 'कट' कधीच नाही, फक्त 'कॉपी'. मधेच केबल हलली तर कटमध्ये अर्धवट फाईल राहण्याचा धोका असतो.
- एका खेपेत सगळं ओढू नका. महिन्यावारी किंवा हजार-हजारच्या गठ्ठ्यांत घ्या. मधे थांबलं तर कुठपर्यंत आलो ते कळतं.
- कॉपी चालू असताना फोनवर गॅलरी, कॅमेरा उघडू नका.
- संपल्यावर दोन्हीकडच्या फाईलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा. मगच फोनवरून डिलीट.

तारखांचं एक सांगतो, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. एमटीपीने कॉपी करताना फाईलची 'मॉडिफाईड' तारीख बदलून आजची होऊ शकते. कॅमेऱ्याच्या फोटोंचं त्याने बिघडत नाही, काढल्याची तारीख फोटोच्या आत नोंदलेली असते. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने आलेल्या फोटोंतून मात्र ती नोंद काढून टाकलेली असते. तिथे तारीख उरते ती फक्त फाईलच्या नावात: 'आयएमजी', मग वर्ष-महिना-दिवसाचे आठ आकडे, मग 'डब्ल्यूए'. त्यामुळे व्हॉट्सॲप फोटोंची नावं बदलू नका. हे फोटो 'डीसीआयएम' या कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये सापडत नाहीत. 'अँड्रॉइड', 'मीडिया', मग व्हॉट्सॲपचं फोल्डर, त्यात पुन्हा 'मीडिया', असे आत जा.

पाच_गिगाहर्ट्झ
तार नेहमीच वेगवान असं मात्र नाही. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय, ८० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल (लहरींचा पट्टा) आणि दोन्ही बाजूंना दोन अँटेना असतील तर ८६६ मेगाबिटची जोडणी होते. फोन आणि लॅपटॉप एकाच खोलीत, मधे राउटर न घेता थेट एकमेकांना जोडलेले असले की प्रत्यक्षात ५० एमबीच्या आसपास मिळतात. म्हणजे यूएसबी २.० ला मागे टाकतं.

तुमचे ५-६ एमबी कुठून येतात ते सांगतो. '३००' हा आकडा २.४ गिगाहर्ट्झवर रुंद चॅनल मिळाला तरच. आजूबाजूला दहा राउटर असले की तुमचा राउटर अरुंद चॅनलवर उतरतो, जोडणी १४४ मेगाबिटची होते. त्यातला निम्माच वेग फाईलीच्या कामी येतो. शिवाय फाईल आधी फोनकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून लॅपटॉपकडे जाते, दोन्ही फेऱ्या त्याच हवेतून, म्हणून पुन्हा निम्मा. उरतात ३५-४० मेगाबिट, म्हणजे जेमतेम ५ एमबी. राउटर बिघडलेला नाही. लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडलात तर एक फेरी वाचते आणि वेग दुपटीच्या जवळ जातो. '३००' वर्गातल्या बहुतेक राउटरचे लॅन पोर्ट १०० मेगाबिटचे असतात, त्यामुळे ११-१२ एमबीच्या वर काही केलं तरी जाणार नाही.

नवा राउटर न घेता उपाय: फोनचा हॉटस्पॉट सुरू करा, बँड ५ गिगाहर्ट्झ निवडा, लॅपटॉप त्यालाच जोडा. मधला राउटरच गेला. मोबाईल डेटा आधी बंद करा, नाहीतर लॅपटॉप अपडेट उतरवत बसेल. फाईल पाठवायला इंटरनेट लागत नाही. पाठवायला लोकलसेंड किंवा क्विक शेअर ही ॲप वापरा.

रोजच्या पीडीएफसाठी आत्ताचं वायफाय जसं आहे तसं उत्तम आहे. ५ एमबीची फाईल एका सेकंदात जाते, तेवढ्यात केबल हातातही येत नाही. ब्लूटूथने फाईली पाठवू नका. सेकंदाला दोनेकशे केबी मिळतात, त्या वेगाने ६४ जीबीला साडेतीन दिवसांहून जास्त लागतील.

तांब्याची_तार
बरोबर, ५ गिगाहर्ट्झचं मान्य. पण ६४ जीबीच्या एकदाच करायच्या कामाला मी तरीही केबलच सांगेन. हॉटस्पॉटवर फोन तापतो, तापला की वेग पडतो आणि बॅटरीही उतरते. केबलवर तेवढ्या वेळात थोडं चार्जिंग होतं.

नेटसाठीही तेच. केबल आधी जोडा, मग सेटिंग्ज, हॉटस्पॉट आणि टेदरिंग, तिथे 'यूएसबी टेदरिंग'. केबल नसताना हा पर्याय फिकट दिसतो, म्हणून अनेकांना वाटतं फोनमध्ये सोयच नाही. विंडोज स्वतःच ओळखतं, ड्रायव्हर लागत नाही. यूएसबी २.० इथे भरपूर झालं, अडतं ते मोबाईल नेटच्या वेगापाशी. विंडोजमध्ये त्या जोडणीला 'मीटर्ड' (डेटा जपून वापरायची जोडणी) करा, म्हणजे मोठे अपडेट थांबतील. मॅक वापरणाऱ्यांना मात्र पुष्कळ अँड्रॉइड फोनचं यूएसबी टेदरिंग थेट चालत नाही, त्यांनी वायफाय हॉटस्पॉटच घ्यावा.

अनुजा_क
दुसरी केबल लावली, 'फाईल ट्रान्सफर' आलं, कॉपी सुरू आहे. खूप आभार. लोकलसेंडमध्ये मात्र फोनला लॅपटॉप दिसत नाही, दोन्ही एकाच राउटरवर असूनही.

पाच_गिगाहर्ट्झ
या क्रमाने बघा. विंडोजमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा. बहुतेक वेळा इथेच सुटतं. नाहीतर विंडोज फायरवॉलमध्ये (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या सोयीत) लोकलसेंडला परवानगी द्या, त्याचा पोर्ट क्रमांक ५३३१७. फोनवर किंवा लॅपटॉपवर व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं ॲप) चालू असेल तर बंद करा. दोन्हींपैकी एखादं राउटरच्या 'गेस्ट' नेटवर्कवर नाही ना, तेही बघा. गेस्टवरची यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशीच ती व्यवस्था असते. काही राउटरमध्ये मुख्य नेटवर्कलाही 'एपी आयसोलेशन' नावाचं, यंत्रांना एकमेकांपासून लपवणारं बटण असतं, ते बंद हवं.

एवढं करूनही दिसलं नाही तर लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) फोनवरच्या लोकलसेंडमध्ये हाताने टाका. पाठवण्याच्या पानावर तशी सोय आहे.